गॉटिंगेनचे दोन विद्यार्थी

गॉटिंगेन हे जर्मनीतलं एक जुनं विद्यापीठाचं गाव. 1930 नंतरच्या पाच-सहा वर्षांत तिथे डॉक्टरेटसाठी काम करणाऱ्यांमध्ये दोघे असे होते की ज्यांचं पुढचं आयुष्य विमानांतच गेलं. एक हान्स फॉन ओहाइन. जन्म 1911, जर्मन, पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी, 1935 साली डॉक्टर झाला. दुसरे विष्णू माधव घाटगे. जन्म 1908, गाव हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. लुडविग प्रांटल म्हणजे वायुगतिशास्त्रातले त्या काळचे सर्वांत मोठे आचार्य. त्यांच्या हाताखाली घाटगे यांनी काम केलं, 1936 साली डॉक्टरेट मिळवली आणि ते भारतात परतले.

ओहाइनच्या इंजिनावर 27 ऑगस्ट 1939 रोजी जगातलं पहिलं जेट विमान उडालं. घाटगे यांनी जन्मभर विमानं बनवली आणि चांगली बनवली. पण त्यांतली जी हवाई दलाकडे गेली, त्या प्रत्येकाचं इंजिन परदेशी होतं किंवा परदेशी परवान्यावर बनवलेलं होतं. एकाच गावात, एकाच काळात शिकलेल्या दोन माणसांच्या वाटा अशा का फुटल्या, ते या लेखात सांगायचं आहे. स्मरणिकेत भिवंडीच्या इतिहासावर लिहायला आधीच तिघे पुढे आले होते, म्हणून मी जरा लांबचा विषय घेतला. पण फार लांबचा नाही, हे पुढे कळेल.

विमान आणि मराठी माणूस असं म्हटलं की आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघतं. 1895 साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं ही कथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. 2015 साली त्यावर हिंदी सिनेमाही येऊन गेला. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. या कथेच्या जोडीला ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचा हवाला देतात, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी 1974 साली तपासणी केली. त्यात वर्णन केलेली विमानं उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता गंमत बघा. त्या संस्थेत विमानशास्त्राचा विभाग 1942 साली सुरू झाला, तो घाटगे यांच्या हातून. तळपद्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि घाटग्यांचं नाव दहावीपर्यंत एकाही धड्यात भेटलं नाही. मला हे बरं वाटत नाही.

असो. मूळ विषयाकडे येतो.

1930 च्या सुमारास विमानाचा वेग एका जागी येऊन अडायला लागला होता. पंखा जितका जोरात फिरवावा, तितकी त्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात आणि मग ताकद नुसती वाया जाते. उंचावर जावं तर हवा विरळ, तिथे मोटारीसारखं दट्ट्याचं इंजिन धापा टाकतं. यातून सुटायचं तर पंखाही नको आणि दट्ट्याही नको, असं काहीतरी हवं होतं. नववीच्या वर्गात सर फुगा फुगवून सोडून देतात, तो सुर्रकन वर्गभर भिरभिरतो आणि सर म्हणतात, हा न्यूटनचा तिसरा नियम. जेट इंजिन म्हणजे तोच फुगा, फक्त सतत फुगत राहणारा. पुढची फिरती पाती हवा आत ओढतात आणि दाबतात, हा कंप्रेसर. मधल्या भट्टीत त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळतात. तापून फुगलेला वायू मागून झोतासारखा बाहेर पडतो आणि विमानाला पुढे रेटतो. बाहेर पडता पडता तो आणखी एक चक्र फिरवतो, त्याचं नाव टर्बाइन. टर्बाइन आणि कंप्रेसर एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे मागचं चक्र फिरलं की पुढचं आपोआप फिरतं. वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत काढून दाखवता येईल इतकं हे सोपं आहे. ते बनवायला मात्र दोन महासत्तांना घाम फुटला.

ही कल्पना दोघांना वेगवेगळी सुचली आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. इंग्लंडात फ्रँक व्हिटल. कॉव्हेंट्रीच्या एका मेकॅनिकचा मुलगा, उंची कमी म्हणून हवाई दलाने पहिल्यांदा परत पाठवलेला. नंतर तो उमेदवार कारागीर म्हणून भरती झाला आणि हुशारीवर अधिकारी झाला. जानेवारी 1930 मध्ये त्याने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. विमान खात्याच्या तज्ज्ञांनी कागद पाहिले आणि ही गोष्ट व्यवहारात उतरणार नाही असं कळवलं. 1935 साली पेटंटच्या नूतनीकरणाचे पाच पौंड भरायची वेळ आली. खातं ते भरायला तयार नव्हतं, व्हिटलकडे पैसे नव्हते, पेटंट रद्द झालं. पाच पौंड! पुढे दोन जुन्या सहकाऱ्यांनी भांडवल जमवलं, 1936 साली पॉवर जेट्स नावाची छोटी कंपनी निघाली आणि 12 एप्रिल 1937 रोजी रग्बी गावच्या एका कारखान्यात व्हिटलचं पहिलं इंजिन सुरू झालं. सुरू झालं ते इतक्या जोरात, की इंधनाची तोटी बंद केली तरी वेग वाढतच राहिला. बघायला जमलेली मंडळी पळाली. व्हिटल जागेवर उभा राहिला. आत सांडून साठलेलं इंधन जळत होतं, ते नंतर कळलं.

ओहाइनची सुरुवात याहून घरगुती. गॉटिंगेनमध्ये ज्या गॅरेजात त्याची मोटार दुरुस्तीला जायची, तिथल्या माक्स हान नावाच्या मेकॅनिकला त्याने आपली चित्रं दाखवली. हानने ती बनवता येतील अशी सुधारून घेतली आणि पत्रा ठोकून एक नमुना तयार केला, खर्च ओहाइनच्या खिशातून. नमुना धड चालला नाही, मागून नुसत्या ज्वाळा आल्या. पण त्याचे प्राध्यापक पोल यांनी मुलातलं पाणी ओळखलं आणि विमान कारखानदार एर्न्स्ट हाइन्केल यांना पत्र दिलं. हाइन्केल यांना वेगाचं वेड होतं. 1936 साली त्यांनी ओहाइनला आणि हानला, दोघांनाही, कामावर घेतलं. मोटार मेकॅनिकलासुद्धा बरोबर घेतलं, ही गोष्ट मला फार आवडते. तीन वर्षांत हाइन्केल 178 हे विमान उडालं. त्यानंतर पाचव्या दिवशी दुसरं महायुद्ध सुरू झालं.

गॉटिंगेनचा हात इतक्यावर संपत नाही. प्रांटल यांच्या संशोधन केंद्रात पात्यांच्या ओळींमागे ओळी लावून हवा दाबण्याच्या रचनेवर काम चाललं होतं. विमानाच्या पंखाचं जे शास्त्र, तेच कंप्रेसरच्या लहान पात्याला लागू पडतं. युंकर्स कंपनीच्या आन्सेल्म फ्रान्झ यांनी त्याच केंद्राच्या कामाचा आधार घेऊन युमो 004 हे इंजिन रचलं आणि ते मेसरश्मिट 262 या लढाऊ जेटला बसलं. म्हणजे घाटगे ज्या शाळेत शिकले, त्याच शाळेची विद्या त्या इंजिनात फिरत होती. त्या गावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1933 साली हिटलरची सत्ता आल्याबरोबर माक्स बॉर्न, एमी नोएथर यांच्यासारख्या ज्यू प्राध्यापकांना तिथून हाकललं गेलं. घाटगे आणि ओहाइन शिकत होते ते गॉटिंगेन असं होतं.

आता धातूकडे येतो, कारण सगळी गोष्ट तिथे अडते.

टर्बाइनचं पातं सतत ज्वाळेच्या तोंडावर असतं. युमो 004 मध्ये तिथल्या वायूचं तापमान पावणेआठशे अंश सेल्सिअसच्या आसपास होतं आणि चक्र मिनिटाला 8700 फेरे घेत होतं. एवढ्या वेगात प्रत्येक पातं बाहेरच्या दिशेने प्रचंड ताकदीने ओढलं जातं. साधं पोलाद एवढ्या उष्णतेत तापलेल्या मेणासारखं वागतं. ते लगेच तुटत नाही. हळूहळू लांबत जातं आणि मग एके दिवशी शेजारच्या भिंतीला घासतं. या उष्णतेत टिकायचं तर निकेल, क्रोमियम, कोबाल्ट मिसळलेले खास धातू हवेत. इंग्लंडने निकेलवर आधारलेला निमोनिक नावाचा मिश्रधातू तयार केला आणि व्हिटलच्या घराण्यातली इंजिनं त्यावर पुढे गेली. जर्मनीला निकेल मिळेना, युद्धामुळे वाटा बंद झाल्या होत्या. तेव्हा फ्रान्झ यांनी इंजिनातून निकेल जवळजवळ काढूनच टाकलं. पाती पत्रा दुमडून पोकळ केली आणि आतून थंड हवा खेळवली. भट्टी साध्या पोलादाची करून तिला ॲल्युमिनियमचा लेप दिला. अक्कल वापरण्यात कसूर नव्हती. तरी ते इंजिन दहा ते पंचवीस तास चाललं की उतरवून ठेवावं लागे.

आपल्या गावात ही गोष्ट लगेच समजेल. लूमचा एखादा पार्ट तुटला तर भिवंडीत कुणी कंपनीला पत्र लिहीत बसत नाही. तुटका तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जायचं, तो उलटासुलटा करून पाहणार, कॅलिपर लावणार आणि संध्याकाळपर्यंत नवा करून देणार. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग या गावाने असेच वर्षानुवर्षं चालवले. आता एअरजेट लूमही आले आहेत, त्यात धोट्याऐवजी हवेचा झोत सूत ओढून नेतो. नमुना हातात असला की आपला मिस्त्री कशालाही घाबरत नाही. जेटचं पातं मात्र असं करून देता येत नाही. त्याचा आकार व्हर्नियरने मोजता येतो. ते पातं कुठल्या धातूचं, तो कसा वितळवला, किती वेळ तापवला, किती सावकाश थंड केला, हे पात्याकडे बघून कळत नाही. ते ज्याला माहीत असतं, तो सांगत नाही.

या शर्यतीचं खरं रूप असं होतं. एकमेकांवर चाल करून जाणारी दोन जेट विमानं सिनेमात दिसतील, प्रत्यक्षात तसं कधी झालं नाही. 26 जुलै 1944 रोजी जर्मन मेसरश्मिट 262 ची पहिली हवाई चकमक झाली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटिशांचं मीटिअर पहिल्यांदा कामगिरीवर गेलं, तेही उडत्या बॉम्बच्या मागावर. या दोन विमानांची आकाशात गाठ पडली नाही. शर्यत चालली होती ती भट्ट्यांमध्ये, खाणींमध्ये आणि कारखान्यांमध्ये. जर्मनीचे हे कारखाने शेवटी डोंगराच्या पोटात गेले. नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यांत युमो इंजिनं जुळवली जात, तिथे छळछावणीतले कैदी राबवले जात आणि मरत. जेट इंजिनाचा इतिहास सांगणाऱ्या चकचकीत पुस्तकांत हे पान बहुधा पातळ असतं.

त्या वेळी घाटगे कुठे होते? बंगळूरला. 23 डिसेंबर 1940 रोजी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत तिथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. जहाज, मोटार आणि विमान, तिन्ही या देशात व्हावीत असा ध्यास घेतलेला हा माणूस. घाटगे त्या कारखान्यात आले. 15 मे 1941 रोजी इंग्लंडात व्हिटलच्या इंजिनावर ब्रिटनचं पहिलं जेट सतरा मिनिटं उडालं. त्याच वर्षी बंगळूरला घाटगे यांनी आखलेलं पहिलं विमान उडालं. दहा जणांना घेऊन जाईल असं ते ग्लायडर होतं, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. माणूस तोच, गुरू तोच, शास्त्र तेच. पण कंप्रेसर मागायचा कुणाकडे आणि निकेल ओतायचं कुठल्या भट्टीत? पारतंत्र्यातल्या देशात विमानाचा कारखाना निघाला, हेच त्या वेळी अप्रूप होतं. दोन वर्षांत तो वालचंदांच्या हातून सरकारने घेतला आणि अमेरिकी हवाई दलाचं दुरुस्ती केंद्र झाला. शेकडो विमानं तिथे आली, इंजिनं उघडली गेली, साफ झाली, परत बसवली गेली. दुरुस्तीत आपली माणसं तरबेज झाली. आराखडा काढण्याचं काम कुणी आपल्याकडे दिलं नाही.

युद्ध संपलं आणि लूट सुरू झाली. सोन्यापेक्षा माणसांची आणि कागदांची. ओहाइन 1947 साली अमेरिकेत गेला. फ्रान्झही गेले, पुढे व्हिएतनाम युद्धातल्या ह्यूई हेलिकॉप्टरांचं इंजिन त्यांच्याच हाताखाली झालं. रशियाने हाती लागलेल्या जर्मन इंजिनांवर आपली पहिली जेट विमानं 1946 साली उडवली. मग ब्रिटनने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं रशियाला चक्क विकली, व्यापार म्हणून. कारखाना पाहायला गेलेल्या रशियन पाहुण्यांनी मऊ तळव्यांचे बूट घातले होते, म्हणजे जमिनीवर पडलेला धातूचा चुरा तळव्यात रुतून बरोबर यावा, असा किस्सा सांगतात. नीनवरून काढलेल्या इंजिनाचं मिग-15 चार-पाच वर्षांत कोरियाच्या आकाशात त्याच ब्रिटनच्या दोस्तांवर चालून आलं. अमेरिकेला मात्र ही विद्या युद्ध चालू असतानाच मिळाली होती. 1941 साली ब्रिटनने व्हिटलचं एक इंजिन विमानात घालून जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे पाठवलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वतंत्र भारताकडे पहिलं जेट 1948 च्या नोव्हेंबरात आलं, ब्रिटिश व्हँपायर. पुढे परवाना घेऊन ती बंगळूरला बनूही लागली. घाटगे त्या सुमारास एचटी-2 या शिकाऊ वैमानिकांच्या विमानावर काम करत होते. ते 1951 च्या ऑगस्टमध्ये उडालं. भारतात आखलेलं आणि भारतात बनलेलं हे पहिलं स्वयंचलित विमान. दीडशेहून जास्त बनली आणि हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या त्यावर उडायला शिकल्या. पंख, सांगाडा, शेपूट सगळं आपलं. नाकातलं इंजिन ब्रिटिश.

मग 1956 साली कुर्ट टांक आले. महायुद्धातलं फॉके-वुल्फ 190 ज्यांनी आखलं, ते हे. युद्धानंतर अर्जेंटिनात जेट बनवत होते, तिथली राजवट कोसळली आणि पंडित नेहरूंच्या सरकारने त्यांना अठरा जर्मन इंजिनियरांसह बंगळूरला आणलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या भारतीय इंजिनियरांत घाटगे अग्रभागी होते. जून 1961 मध्ये एचएफ-24 मारुत उडालं. अमेरिका, रशिया आणि युरोपातले मोजके देश सोडले तर असं लढाऊ जेट आखणारे फार थोडे होते. सडपातळ, मागे वळलेल्या पंखांचं, देखणं विमान. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं, असं टांक यांनी मनाशी धरलं होतं आणि सगळा आराखडा ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस 12 या इंजिनाभोवती बांधला होता. त्याचा रेटा आठ हजार पौंडांच्या वर.

ते इंजिन कधी आलंच नाही. ब्रिटिश हवाई दलाला आणि नाटोला त्याची गरज उरली नाही, कंपनी म्हणाली, विकासाचा खर्च भारताने द्यावा. दिल्लीने नकार दिला. तेव्हाचं परकीय चलन, अन्नधान्याची आयात, हे सगळं मान्य केलं तरी मला हा नकार महागात पडलेला वाटतो. नूतनीकरणाचे पाच पौंड न भरणाऱ्या ब्रिटिश खात्याची आठवण होते. मारुतला मग ऑर्फियस 703 ही लहान इंजिनं बसवली, प्रत्येकी 4850 पौंड रेट्याची. दुप्पट सोडाच, ध्वनीच्या वेगाशी पोचतानाच विमानाची दमछाक व्हायला लागली.

दुसरं इंजिन शोधण्याची धडपड वाचताना एखादी हेरकथा वाचतोय असं वाटतं. इजिप्तमध्ये नासरच्या सरकारने मेसरश्मिट यांना बोलावून एक लढाऊ विमान आखून घेतलं होतं आणि त्याचं इंजिन बनवत होते फर्डिनांड ब्रांडनर. हे ऑस्ट्रियाचे, युद्धात युंकर्सकडे इंजिनं करणारे, नंतर रशियनांच्या हाती सापडून वर्षानुवर्षं तिथे काम केलेले. भारताने एक मारुत थेट इजिप्तला पाठवलं. त्यात एका बाजूला ब्रांडनर यांचं इंजिन बसवलं आणि मार्च 1967 मध्ये ते उडालंही. तीन महिन्यांनी इस्रायलशी युद्ध झालं. 1969 पर्यंत तो सगळा उद्योग गुंडाळला गेला. ब्रांडनर यांनी रशियात असताना ज्या अजस्र टर्बोप्रॉप इंजिनाच्या कामाचं नेतृत्व केलं होतं, ते मात्र भारतात आलं. आपल्या नौदलाची तुपोलेव 142 विमानं 1988 पासून काही वर्षं गोव्याच्या दाबोळीवरून उडत, त्यांना ती इंजिनं होती. कोकण रेल्वेच्या आधी बसने गोव्याला गेलेल्यांपैकी कुणी तो घरघराट ऐकला असेल, तर तो याच घराण्यातला.

देशातल्या देशातही प्रयत्न झाले. गॅस टर्बाइनच्या संशोधनासाठी सरकारने वेगळी प्रयोगशाळा काढली. तिने ऑर्फियसच्या मागे जादा इंधन जाळून रेटा वाढवायची सोय तयार केली. तसं बदललेलं मारुत घेऊन 10 जानेवारी 1970 रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास उडाले आणि कोसळले. मारुत पहिल्यांदा उडवलं होतं तेही त्यांनीच. त्यांच्याबरोबर तो मार्गही संपल्यात जमा झाला. 1971 च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मारुतने चोख काम केलं, एकूण 147 बनली आणि 1990 पर्यंत ती निवृत्त झाली.

घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेलं किरण हे जेट प्रशिक्षण विमान सप्टेंबर 1964 मध्ये उडालं. ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हवाई दलाचा सूर्यकिरण चमू टीव्हीवर लाल-पांढऱ्या विमानांची कमळं काढायचा, ती विमानं 2011 पर्यंत किरणच होती. किरणसाठी 2500 पौंड रेट्याचं एक छोटं इंजिन बंगळूरला हाती घेतलं गेलं होतं, ते उत्पादनापर्यंत गेलं नाही. ब्रिटिश वायपर बसलं, नंतरच्या आवृत्तीत पुन्हा ऑर्फियस. 1965 साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. 1991 साली व्हिटल आणि ओहाइन या दोघांना जेट इंजिनाच्या शोधासाठी अमेरिकेतला ड्रेपर पुरस्कार विभागून दिला गेला. एकमेकांना न ओळखता एकच गोष्ट शोधणारे हे दोघे म्हातारपणी चांगले मित्र झाले होते. त्याच वर्षी घाटगे गेले.

आता विषय भिवंडीपासून फार लांब नाही म्हणालो होतो, त्याकडे येतो. आपल्या बायपासवरून मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं, कसारा घाट चढला, नाशिक मागे टाकलं की ओझर लागतं. 1964 साली तिथे मिग विमानांचा कारखाना निघाला. आपल्या पिढीतल्या आयटीआय झालेल्या आणि डिप्लोमा केलेल्या मुलांना ओझरची नोकरी म्हणजे काय वाटायचं, ते सांगायला नको. मिग-21 चा सांगाडा ओझरला आणि इंजिन ओडिशात कोरापुटला, असं ते वाटप होतं. दोन्ही रशियन परवान्यावर. शेवटची मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात ओझरला जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं.

तेजस आपण आखलेलं विमान आहे आणि त्याचा अभिमान वाटतो. त्याच्यासाठी कावेरी नावाचं देशी इंजिनही 1980 च्या दशकाअखेर हाती घेतलं होतं. ते पुरेसा रेटा देईना, म्हणून 2008 साली विमानापासून वेगळं केलं गेलं. कारण पुन्हा तेच, मधली भट्टी आणि त्यामागची पाती. आजच्या इंजिनात वायूचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळबिंदूच्याही वर असतं. पातं अखंड एकाच स्फटिकाचं ओतावं लागतं आणि त्याला केसासारखी छिद्रं पाडून आतून गार ठेवावं लागतं. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने 2021 साली हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी एकस्फटिकी पाती करून दिली, हे फार मोठं काम आहे. त्याची बातमी मात्र आतल्या पानावर आली. तेजसच्या इंजिनांसाठी 2021 साली परदेशी कंपनीशी 99 इंजिनांचा करार झाला. पहिलं इंजिन आलं 2025 च्या मार्चमध्ये, ठरल्यापेक्षा खूप उशिरा. तोवर नवी विमानं इंजिनाची वाट पाहत राहिली. कंपनीचं नाव जनरल इलेक्ट्रिक. 1941 साली जिच्याकडे व्हिटलचं इंजिन उतरवलं होतं, तीच.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत उभं आहे. नातवंडांना घेऊन जाल तेव्हा विमानाच्या नाकापाशी फोटो काढून झाल्यावर मागच्या बाजूला चक्कर मारा. शेपटीखाली दोन नळकांडी शेजारी शेजारी दिसतात. ऑर्फियस 703 बसायची ती जागा.